वळूच्या कपाळावर लिहिलेलं नसतं

सदर : गोठ्यातलं गाऱ्हाणं

पत्र :

मॅडम, संगमनेर तालुक्यात आमचा बारा संकरित एचएफ (होल्स्टीन-फ्रिजियन) गाईंचा गोठा आहे. चांदी नावाची आमची गाय भर वेतात दिवसाला २६ लिटर देते. तिचा गोऱ्हा विकला नाही, वळू म्हणून सांभाळला. सुलतान आता साडेतीन वर्षांचा आहे. घरच्या गाईंना तोच लावतो, गावातल्याही वीसेक गाई त्याने फळवल्या. चांदीच्या दोन मोठ्या मुली आहेत, वेगवेगळ्या कांड्यांच्या, म्हणजे वेगवेगळ्या वळूंच्या वीर्याच्या नळ्या भरून झालेल्या. त्यांनाही सुलतानच लावला. दोघींची मिळून तीन वासरं झाली, त्यातली दोन गेली. एक चार महिन्यांचं होतं, दुसरं साडेपाच. दोघांचं दुखणं एकच. सारखा न्यूमोनिया, हगवण, तोंडात फोड, हिरड्या सडलेल्या, दात हलायचे. शिंगं जाळल्याची जखम दोन महिने भरली नाही. दुसऱ्याचं रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी ६२ हजार. आमचे डॉक्टर म्हणाले, हा आईबापाकडून आलेला दोष असू शकतो, त्याला ‘ब्लॅड’ म्हणतात. तिसरी कालवड मात्र १४ महिन्यांची, ठणठणीत आहे. वडील म्हणतात, दोन्ही गाई आणि चांदी लोणी गावच्या जनावरांच्या बाजारात नेऊन विका, आणि गावात काही बोलू नका. भाऊ म्हणतो, वळूत दोष असता तर गावातली वासरं का नाही मेली? ज्याच्या अंगात दोष आहे ते जनावर ओळखायचं कसं? आणि कालवड ठेवू का?

— एक दूध उत्पादक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर :

दादा, तुमच्या भावाचा प्रश्न आधी घेते. बाकीची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

विहिरीवर दोन मोटारी बसवल्यात असं समजा. एक जळाली तरी दुसरी पाणी उपसते, शेत हिरवंच राहतं, बांधावरून जाणाऱ्याला काही कळत नाही. जनावराच्या अंगात प्रत्येक जनुकाच्या अशा दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. त्यातली एक बिघडलेली आणि एक धड असली की ते जनावर वाहक. ते आजारी नसतं, दूध चोरत नाही, माजावर वेळेवर येतं. वासराला देताना मात्र आई आपल्या दोनातली एकच मोटार देते, बापही एकच. दोघं वाहक असले आणि दोघांनीही नेमकी जळकीच दिली, तर त्या वासराचं शेत वाळलं. हे सरासरी चारात एकदा होतं. चारातली दोन वासरं आईबापासारखी वाहक निघतात आणि एक पूर्ण मोकळं, म्हणजे दोन्ही प्रती धड असलेलं.

आता गावातल्या वीस गाई घ्या. त्यातल्या बहुतेकींच्या दोन्ही मोटारी धडच असणार. अशा गाईला सुलतानने दहा वेळा फळवलं तरी आजारी वासरू होणार नाही, निम्मी वासरं तेवढी गुपचूप वाहक होतील. वीसात एखाददुसरी गाय वाहक निघाली तरी तिच्याही चार वासरांत एक. म्हणजे वळू वाहक असूनही गावात एकही वासरू न दगावणं, हेच व्हायचं होतं. भावाला म्हणावं, गावातली वासरं साक्षीला बोलावू नकोस, त्यांनी काही पाहिलेलंच नाही.

तुमच्या दावणीला मात्र भाऊ-बहीण समोरासमोर आले. रागावू नका, पण सोयरीक जुळवताना आपण देवक बघतो, कूळ बघतो, पाहुण्यांच्या चार पिढ्या उकरतो. गोठ्यात आल्यावर तेच डोळे कुठे जातात? सुलतान त्या दोघींचा एका आईचा भाऊ आहे. नात्यातल्या जनावरांत बिघडलेली प्रत एकाच आजीकडून, एकाच आईकडून दोन्ही बाजूंनी उतरते आणि वासरात येऊन भेटते. एरवी शंभर वर्षं झाकलेलं राहिलं असतं ते तुमच्याकडे दोन वर्षांत उघडं पडलं.

‘ओळखायचं कसं’ असं तुम्ही विचारलंत. म्हणजे बघून. तर बघून ओळखता येत नाही. हा उद्योग शहाण्यासुरत्या माणसांनी करून पाहिलेला आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत हेरफोर्ड या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातीत बुटकी वासरं जन्माला येऊ लागली. पोट सुटलेलं, कपाळ फुगलेलं, श्वास घेताना घुरघुर. तिकडे त्यांना ‘स्नॉर्टर’ म्हणत. त्या काळात प्रदर्शनांत बक्षिसं मिळायची ती आखूड पायाच्या, गोटीबंद बांध्याच्या जनावरांना, आणि पैदासकारांना असं वाटू लागलं की वाहक वळूंतच तो बांधा जास्त दिसतो. मग वळूच्या चेहऱ्याची कडेची रेघ कागदावर उतरवणारं एक यंत्रच निघालं. कपाळाचा उंचवटा मोजायचा आणि वाहक ठरवायचा. भरवशाचं ठरलं नाही. वाहक सपाट कपाळाचे निघत, मोकळे फुगीर कपाळाचे. चांगले वळू विनाकारण बाद झाले आणि वाईट बक्षीस घेऊन घरी आले.

तेव्हा खात्रीची रीत एकच होती, लावून बघायचं. ज्या गाई वाहक असल्याचं पक्कं ठाऊक आहे त्यांच्याशी वळू लावायचा. ओळीने सोळा वासरं निरोगी झाली तर ९९ टक्के खात्रीने वळू मोकळा. एक जरी आजारी निघालं तर त्याच दिवशी निकाल. स्वतःच्याच मुलींशी लावला तर सोळाऐवजी पस्तीस वासरं लागायची, आणि मुली मोठ्या होऊन व्यायेपर्यंत वळू म्हातारा. तुमच्याकडे ही परीक्षा नकळत होऊन गेली, आणि तीनच वासरांत.

मांसाच्या जातींचीच आणखी एक गोष्ट सांगते, कारण वडिलांच्या ‘गावात बोलू नका’चं उत्तर तिच्यात आहे. २००८ साली अमेरिकेतल्या अँगस जातीत पाठ पिळवटलेली, पाय आखडलेली, हाडांवर मांस नसलेली मेलेली वासरं जन्मत असल्याचा बोभाटा झाला. पशुपालक त्यांना ‘वळलेलं वासरू’ या अर्थाने ‘कर्ली काफ’ म्हणत. माग काढत गेल्यावर बहुतेक वंशावळी एका वळूपाशी येऊन थांबल्या, जीएआर प्रिसिजन १६८०. हा काही कोपऱ्यातला वळू नव्हता. त्याच्या गुणांमुळे त्याच्या कांड्या देशभर वापरल्या गेल्या होत्या, त्याची मुलं-नातवंडं नामांकित कळपांत होती. इलिनॉय विद्यापीठातल्या जोनाथन बीव्हर या संशोधकाने दोषाची जागा शोधली आणि थोड्याच काळात रक्त-केसांवरून होणारी चाचणी हाती आली. अनेकांच्या लाखमोलाच्या जनावरांची किंमत पडली. तरीही तिथल्या जातिसंघटनेने वाहक वळूंची नावं जाहीर केली, आणि वंशावळीच्या कागदावर नावाशेजारी ‘मोकळा’ की ‘वाहक’ याची खूण छापायला लागली. आज तिथे वळू विकत घेणारा आधी ती खूण बघतो, मग जनावर. झाकून ठेवलं असतं तर त्याच कळपांत आजही पिळवटलेली वासरं ओढून काढत बसले असते.

तुमच्या गोठ्यातल्या संशयित दोषाचाही असाच एक मूळपुरुष आहे. ऑसबॉर्नडेल आयव्हनहो, १९५२ साली अमेरिकेत जन्मलेला होल्स्टीन वळू. त्याच्या वंशातल्या गाई दुधाला दांडग्या निघाल्या, म्हणून त्याचा मुलगा वापरला गेला, मग नातू, आणि कांड्यांतून हे घराणं जगभर पसरलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ब्लॅड’ची डीएनए चाचणी निघाली आणि तिथले वळू तपासले, तेव्हा शंभरात सुमारे चौदा वाहक सापडले. दुधासाठी निवडताना दोषही सोबत निवडला गेला होता. तेव्हा चांदी २६ लिटर देते आणि ती वाहकही असू शकते, यात विरोध काहीच नाही.

आता तुमच्या डॉक्टरांच्या संशयाबद्दल. तो मला बरोबर वाटतो. निरोगी गाई-वासरांत पांढऱ्या पेशी साधारण ४ ते १२ हजार असतात. न्यूमोनियात त्या वाढतात, पण ६२ हजार म्हणजे वेगळंच काही. जंतूंवर तुटून पडणाऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला आधी चिकटावं लागतं, तेव्हा त्या भिंतीतून बाहेर पडून जखमेपर्यंत जातात. चिकटायला जे प्रथिन लागतं ते ‘ब्लॅड’मध्ये नीट बनत नाही. मग पेशी रक्तातच फिरत राहतात. आत फौजफाटा वाढत जातो आणि बाहेर गावाला आग लागलेली असते. म्हणून जखम भरत नाही, हिरड्या सडतात, औषध चालू असेपर्यंत बरं वाटतं आणि थांबलं की पुन्हा तेच. अशी बहुतेक वासरं वर्षही काढत नाहीत. नोकरीत नवी असताना अशाच एका वासराला मी तीन महिने अँटिबायोटिक बदलून बदलून देत राहिले होते. मालकाचा खर्च झाला, वासरू गेलंच, आणि पेशी मोजायचं मला शेवटच्या आठवड्यात सुचलं. तुमचे डॉक्टर माझ्यापेक्षा हुशार आहेत.

तरी संशय म्हणजे निदान नव्हे. तोंडात फोड, हगवण आणि खंगत जाणं हे ‘बीव्हीडी’ या विषाणूच्या रोगातही दिसतं. त्यात पांढऱ्या पेशी सहसा वाढत नाहीत, घटतात, एवढा धागा आपल्या हातात आहे. वासरं पुरून झाली असतील, त्यांचं रक्त उरलं नसेल, म्हणून तपासणी उलट्या दिशेने करायची. सगळा गोठा तपासायचा खर्च करू नका. आधी एकटा सुलतान तपासा.

सुलतान मोकळा निघाला तर हा ‘ब्लॅड’ नव्हताच. आजारी वासराला एक बिघडलेली प्रत बापाकडूनच यावी लागते, आणि बापाकडे ती नाही. मग डॉक्टरांना विषाणूच्या मागे लागायला सांगा. सुलतान वाहक निघाला, तर बाकीचं गणित घरबसल्या सुटतं. मेलेली वासरं दोघींची एकेक असतील तर दोन्ही मुली वाहक, कारण मेलेल्या वासरांनी दुसरी बिघडलेली प्रत त्यांच्याकडूनच घेतली. त्या दोघींचे बाप वेगळे, सुलतानचा तिसरा, आणि तिघांत समान काय, तर चांदी. तिच्या तपासणीवर पैसे घालवायची गरज मला तरी दिसत नाही.

नमुना घेणं सोपं आहे. डॉक्टर मानेतून पाचेक मिलिलिटर रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतील. ते गोठवायचं नाही, बर्फाच्या पिशवीसोबत थंड पाठवायचं. नाहीतर शेपटीच्या गोंड्याचे तीसेक केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात. कात्रीने कापलेला केस उपयोगाचा नाही, डीएनए मुळाशी असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो, केस कुजतात. आणखी एक, सहसा कुणी सांगत नाही म्हणून सांगते. जनावर जुळं जन्मलेलं असेल तर रक्त देऊ नका, केसच द्या. पोटात असताना जुळ्यांचं रक्त एकमेकांत मिसळतं आणि एकाच्या नळीत दुसऱ्याचा निकाल येऊ शकतो. गुजरातेत आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची प्रयोगशाळा आहे, तिथे अशा जनुकीय तपासण्या होतात. तुमच्या डॉक्टरांमार्फत आधी फोन करून फॉर्म आणि फी विचारून घ्या, मगच सुई टोचा.

निकाल येईपर्यंत सुलतान बांधून ठेवा. एकही गाय लावू नका, घरची नाही, पाहुण्यांची तर नाहीच. वाहक निघाला तर डॉक्टरांकडून चिमटा लावून खच्ची करून घ्या. ‘दोषी’ म्हणून नव्हे. गाय वर्षाला एक वासरू देते, वळू पन्नास देईल. दोष गाईच्या अंगात असला तर एका दावणीपुरता राहतो, वळूच्या अंगात असला की वाडी-वस्तीवर जातो. म्हणून गाई तपासत बसायच्या नाहीत, वळू तपासायचा.

आणि म्हणूनच चांदीला आणि तिच्या मुलींना लोणीला नेऊ नका. पुढे त्यांना फक्त तपासलेल्या, मोकळ्या वळूची कांडी भरा. मोकळा बाप असला की एकही वासरू आजारी होत नाही, हे वर बघितलंच. निम्मी वाहक होतील. त्यांनाही पुढे मोकळ्या बापाचीच कांडी भरायची, की काम भागलं. २६ लिटरची गाय बाजारात द्यायची, आणि घेणाऱ्याला काही सांगायचं नाही, आणि तिच्या जागी कुठली तरी न तपासलेली आणायची, हा सौदा तिन्ही बाजूंनी तोट्याचा आहे.

मोकळी कांडी मिळते कुठे? आपल्याकडे वीर्यकेंद्रांसाठी केंद्र सरकारची किमान मानकं आहेत. त्यांनुसार एचएफ आणि एचएफ-संकरित वळू केंद्रावर घेताना चार दोषांसाठी तपासावे लागतात. ‘ब्लॅड’ त्यातला एक. दुसरा सिट्रुलिनिमिया, यात वासरू जन्मतः चांगलं दिसतं आणि आठवड्याभरात डोकं टेकवून, आंधळ्यासारखं फिरून मरतं. तिसरा रक्त न गोठण्याचा, फॅक्टर अकराचा. चौथ्याचं नाव डम्प्स, आणि हा सगळ्यात लबाड. यात गर्भ चाळीस दिवसांच्या सुमाराला आतल्या आत जिरतो, मेलेलं वासरू दिसतच नाही. आपण म्हणतो, ‘गाय उलटली’, आणि कांडी भरणाऱ्याला शिव्या देतो.

असल्या न दिसणाऱ्या नुकसानाचा शोध लागला तोही मोठा गमतीचा. अमेरिकेतल्या पॉनी फार्म अर्लिंडा चीफ या १९६२ साली जन्मलेल्या वळूच्या वंशात एक डीएनएचा तुकडा आहे. एक प्रत असलेल्या गाई ढिगाने होत्या, पण दोन प्रती असलेली एकही जिवंत गाय हजारो नमुन्यांत सापडेना. म्हणजे तसे गर्भ जन्मापर्यंत पोचतच नव्हते. दोष सापडला तो कोण हजर नाही यावरून, पटावर नाव असून वर्गात कधीच न आलेल्या मुलासारखा. या एका वळूमुळे जगभरात पाच लाखांहून जास्त गर्भपात झाले असावेत असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झाला. आणि त्याच्या वंशाने वाढवलेल्या दुधाची किंमत त्या नुकसानीच्या कितीतरी पट होती, हेही त्याच हिशेबात होतं.

तर ‘अ’ किंवा ‘ब’ श्रेणीच्या वीर्यकेंद्राची कांडी मागा. कुणी परदेशी वळूची महागडी कांडी घेऊन आला तर त्या वळूचा कागद बघा. होल्स्टीनच्या वंशावळीत ‘टीएल’ म्हणजे ‘ब्लॅड’साठी तपासून मोकळा, ‘बीएल’ म्हणजे वाहक. घरी वाढवलेल्या वळूला यातलं काहीच नसतं. असते ती आईच्या दुधाची ख्याती.

कालवडीचं ऐका. ती निरोगी आहे म्हणजे मोकळी आहे असं नाही. दोन वाहकांच्या चार वासरांतलं आजारी ते एक वजा करा, कारण ती आजारी नाही हे आपण बघतोय. उरली तीन, त्यातली दोन वाहक. म्हणजे तीनात दोन शक्यता ती वाहक असण्याची. ठेवायला हरकत काहीच नाही. सुलतानसोबत तिचाही नमुना पाठवलात तर दोन तपासण्यांत सगळं चित्र समोर येईल. परवडत नसेल तर तपासू नका, तिला वाहकच समजा आणि मोकळी कांडी भरा. फक्त एक बघा, ती १४ महिन्यांची आहे आणि त्याच गोठ्यात सुलतानही आहे. दोर मजबूत ठेवा, तो तिचा बाप आहे.

राहिलं गाव. वडिलांची भीती मला समजते. उद्या कुणी म्हणेल, ह्यांच्या वळूने आमच्या गाई नासवल्या. पण विचार करा, त्या वीस घरांत सुलतानची वासरं वाढतायत आणि वाहक असेल तर त्यातली निम्मी वाहक. त्यातला एखादा देखणा गोऱ्हा कुणी तरी वळू म्हणून ठेवणार, ‘सुलतानचा मुलगा’ म्हणून कौतुकाने ठेवणार, आणि तो सुलतानच्याच मुलींना लागणार. चार वर्षांनी वासरं मरायला लागली की माग तुमच्या दारात येईल, तेव्हा मात्र लपवलं होतं असं म्हणतील. निकाल हातात आला की डेअरीवर, दूध घालायच्या वेळी, स्वतः सांगा. माफी मागायची नाही, पैसे परत द्यायचे नाहीत, तुम्हाला ठाऊक नव्हतं. दोनच गोष्टी मागा : सुलतानचा गोऱ्हा वळू म्हणून ठेवू नका, आणि त्याच्या कालवडींना केंद्राचीच कांडी भरा. कुणाला एक गाय विकावी लागत नाही, कुणाचं दूध कमी होत नाही. वडिलांना बरोबर न्या, त्यांनी सांगितलं तर लोक जास्त ऐकतील.

चांदी कुठल्या कांडीची, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. बहुधा ठाऊकच नसेल. यापुढे कांडी भरली की रिकामी कांडी फेकू देऊ नका. तिच्यावर वळूचा नंबर, जात आणि केंद्राचं नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं. शाळेची शंभर पानी वही घ्या, एका गाईला एक पान, वर कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, आणि तारखेपुढे ती कांडी चिकटपट्टीने चिकटवून टाका. केसांच्या पाकिटांवरही तोच नंबर लिहा. ‘सुलतान’ आणि ‘चांदीची नात’ असं लिहून आलेली पाकिटं मी पाहिलीत, प्रयोगशाळेला त्यातलं काही कळत नाही.

निकाल आला की कळवा. कालवडीचा आधी.

— गोठ्यातलं गाऱ्हाणं